शिळं पाणी आणि वाकडं बोलणं : उपहास ओळखायचा कसा, लिहायचा कसा

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, कधी भर पहाटे, कधी रात्री, आणि त्या चाहुलीवर अख्ख्या गल्लीची झोप ठरते. म्हणून घरोघरी निळं पिंप असतं, मोरीत हौद असतो, हंडे-कळश्यांची उतरंड असते. साठवलेलं हे पाणी आपण चार दिवस जपून जपून वापरतो. पाचव्या दिवशी नळ फुसफुसला की काय करतो? उरलेलं ‘शिळं’ पाणी गटारीत ओततो, पिंप घासतो आणि ताजं भरतो. धरण तेच, वाहिनी तीच, तोटीही तीच.

रविवारी सकाळी माझ्याकडे आठ-दहा लिहू पाहणारी मंडळी जमतात. दोघं कॉलेजातली, एक बँकेतून निवृत्त झालेले, एक यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा, बाकी अशीच. उपहास शिकायचाय म्हणाले की मी त्यांना दुसरा विषय देतच नाही. हेच शिळं पाणी घ्यायचं आणि दहा तऱ्हांनी लिहायचं. व्याख्या पाठ करून उपहास आणि उपरोध यांतला फरक कुणाला कळलेला मी अजून पाहिला नाही. एकच पाणी वेगवेगळ्या भांड्यांत ओतलं की मात्र भांडी दिसायला लागतात. पुढं जे आहे ते आमच्या त्या रविवारच्या क्रमानंच आहे. वही घेऊन बसा.

आधी शब्द वेगळे करून घ्या

उपहास, उपरोध, व्यंग, विडंबन, वक्रोक्ती, टोमणा, टवाळी. मराठीत हे शब्द आपण एकाच पिशवीतल्या चिल्लरीसारखे वापरतो. समीक्षकांतही एकमत नाही. इंग्रजीतल्या आयरनीला कुणी उपरोध म्हणतो, कुणी वक्रोक्ती, आणि तोच उपरोध दुसरा कुणी सारकॅझमसाठी वापरतो. म्हणून नावापेक्षा काम बघायचं, असा माझा शिरस्ता आहे.

उपहास हा हेतू आहे. एखादा दोष, ढोंग किंवा मूर्खपणा हसण्याच्या आधारानं उघडा पाडायचा, हा त्याचा उद्देश. इंग्रजीतलं सटायर ते हेच. विडंबन हा घाट आहे: ओळखीच्या रूपाची नक्कल करून त्यात भलतंच काही भरायचं. वक्रोक्ती ही वाट आहे, म्हणजे सरळ न जाता वळसा घेऊन बोलणं. टोमणा ही त्या वाटेवरची सर्वांत छोटी आणि सर्वांत आळशी गल्ली. आणि विनोद? त्याला निशाणाच लागत नाही. केळीच्या सालावरून घसरलेल्या माणसाला हसणं हा विनोद. साल रस्त्यावर टाकून स्वच्छतेवर भाषण द्यायला निघालेला माणूस त्याच सालावरून घसरला, की उपहास सुरू झाला.

एकाच मजकुरात हे सगळं एकत्र नांदू शकतं. विडंबनाच्या घाटात, वक्रोक्तीच्या वाटेनं, उपहासाच्या हेतूनं लिहिता येतं. त्यामुळं ‘हे विडंबन आहे की उपहास?’ हा परीक्षेतला प्रश्न मला मुळातच चुकीचा वाटतो. ‘हा अभंग आहे की भक्ती?’ असं विचारल्यासारखं ते आहे.

शब्दाच्या मुळाचा एक गमतीचा तपशील सांगून पुढं जातो. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. यातल्या उपहसिताचं वर्णन वाचा: नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरपी, खांदे आणि डोकं आक्रसलेलं. लग्नाच्या पंगतीत दुसऱ्याच्या जेवणाला नावं ठेवणारे आपले काका डोळ्यांसमोर आले ना? भरतानं ते दोन हजार वर्षांमागं टिपून ठेवलंय.

पहिली पायरी : निशाणा एका वाक्यात लिहा

लिहायला बसण्याआधी वहीच्या वरच्या कोपऱ्यात एक वाक्य पुरं करा: ‘अमुक माणूस म्हणतो असं, आणि करतो तसं.’ उपहासाला लागणारी फट या दोन क्रियापदांच्या मधे असते. म्हणणं आणि करणं यांत अंतर नसेल तर तुमच्याकडं तक्रार आहे, उपहास नाही. खड्डा पडलाय, ही तक्रार. खड्ड्याशेजारी ‘गुळगुळीत रस्त्याबद्दल आभार’ असा फलक लागलाय, इथं उपहासाला जागा झाली.

ही फट कशी पकडायची याचा माझा आवडता धडा आपल्याच भागातला आहे. मंगळवेढ्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या बसवेश्वरांचं एक कन्नड वचन सोलापुरात अनेक घरांत पाठ असतं. त्याचा भाव असा: दगडाचा नाग दिसला की दूध घाला म्हणतात, खरा नाग दिसला की मारा म्हणतात, जेवू शकणारा जंगम, म्हणजे फिरता शिवभक्त साधू, दारात आला तर पुढं जा म्हणतात, जे लिंग जेवत नाही त्याला नैवेद्य दाखवतात. वचनाच्या या भागात एकही शिवी नाही, एकही विशेषण नाही. दोन कृती शेजारी शेजारी ठेवल्या, बस्स. बाराव्या शतकातलं हे तंत्र आजही सर्वांत धारदार आहे.

आमच्या पाण्याचं वाक्य असं झालं: ‘आपण पाण्याला जीवन म्हणतो आणि चार दिवसांचं झालं की गटारीत ओततो.’

आता दुसरा, जास्त अवघड प्रश्न. मार कुणाला लागतोय? आमच्यातल्या एका मुलानं पहिल्या खेपेला टँकरच्या रांगेत भांडणाऱ्या बायकांवर लिहिलं. खोटं कशाला बोलू, मजकूर फर्मास होता, आम्ही हसलो. मग बँकेतले काका म्हणाले, ‘अरे, पण त्या बायका काय चुकल्या?’ खोलीत एकदम शांतता. रात्री तीनला उठून पाणी भरणारी बाई ही निशाणा नाही. पाणी चार दिवसांत ‘विटतं’ ही समजूत निशाणा आहे. गरिबी, जात, शारीरिक व्यंग, तोतरेपण, रंग यांना हसवायचं साधन केलं की उपहास उलटा फिरून दुबळ्यावर पडतो. त्याला मराठीत कुचेष्टा हा नेमका शब्द आहे. आणि निशाण्यात स्वतः लिहिणारा थोडासा सापडला तर फारच उत्तम. परवा पहाटे मीही दीड बादली ओतली होती.

दुसरी पायरी : सूर निवडा

सटायर हा शब्द लॅटिन ‘सातुरा’वरून आला. नाना फळांनी भरलेलं ताट, मिसळीचा पदार्थ, असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. ग्रीक पुराणातल्या सॅटर नावाच्या बकरपायी वनदेवतांशी त्याचा संबंध जोडण्याची चूक शतकानुशतकं चालली होती, ती आयझॅक कॅसोबाँ या विद्वानानं १६०५ मध्ये दाखवून दिली. मला हे ताट समजावून सांगताना भोगीची भाजी आठवते. संक्रांतीच्या सुमारास, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घरोघरी होते ती. वांगं, गाजर, पावटा, हरभरा, बोरं, तीळ, सगळं एका पातेल्यात. उपहासही असाच मिसळीचा. पण पातेलं एक असलं तरी आंच तीन प्रकारची असते.

मंद आंच रोमन कवी होरेसची. इसवी सनापूर्वी ६५ ते ८ हा त्याचा काळ. बाप गुलामगिरीतून सुटलेला, आणि हा पुढं रोमच्या बड्या लोकांत वावरलेला. तरी आपल्या या रचनांना तो ‘गप्पा’च म्हणायचा. हसत हसत, स्वतःलाही धरून, माणूस असाच असतो हो, अशा सुरात बोलायचं. आमचं पाणी त्या सुरात:

‘आमच्याकडं शिळं म्हणून काही टाकत नाहीत. शिळ्या भाताला फोडणी देतात, शिळी भाकरी कुस्करतात, आणि सोलापूरची कडक भाकरी तर मुद्दाम वाळवून पाहुण्यांबरोबर परगावी पाठवतात. टाकतात ते फक्त पाणी. परवा मीही पिंप उपडं केलं आणि परत भरताना मनात आलं, उजनी धरणात हे सहा महिने पडून होतं तेव्हा शिळं कसं झालं नाही?’

तीव्र आंच जुव्हेनल या रोमन कवीची. हा होरेसनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी आला, आणि म्हणाला की रोमची ही दशा बघून उपहास न लिहिणंच अवघड आहे. जनतेला आता फक्त भाकरी आणि खेळतमाशे हवेत, हा जगभर वापरला जाणारा टोला त्याचाच. इथं हसू कमी, संताप जास्त, आणि लिहिणारा निशाण्यापासून दूर, ताठ उभा:

‘पाणी वाचवा म्हणून शाळेतल्या पोरांच्या हाती फलक देऊन त्यांना मार्चच्या उन्हात फिरवणाऱ्या पालकांनो, पोरांच्या पाण्याच्या बाटलीत डोकावून बघा. त्यांना आज ताजं पाणी मिळावं म्हणून तुम्ही पहाटे दोन घागरी गटारीला पाजल्यात. गटार तृप्त आहे.’

तिसरी तऱ्हा मेनिपसची. गदारा गावचा हा ग्रीक इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात होऊन गेला. त्याचं लेखन हरवलं, पण ती रीत व्हारोनं लॅटिनमध्ये आणि ल्युशियननं ग्रीकमध्ये पुढं चालवली. यात निशाणा माणूस कमी आणि विचार करण्याची पद्धत जास्त असते. गद्यात मधेच पद्य, देवांची सभा, मेलेल्यांचे संवाद, पंडितांचे वाद, सगळं चालतं. आमच्या यंत्रमागवाल्या हिशेबनिसानं असं लिहिलं: पिंपातलं पाणी आणि गटारीतलं पाणी भांडतायत, आणि निवाडा करायला बसलेला पंडित विचारतोय, ‘शिळेपणा हा पाण्याचा गुण की पिंपाचा? का तो बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो? आणि डोळ्यात असेल तर डोळ्यातलं पाणी किती दिवसांचं?’ हे वाक्य ऐकून आमचा चहा गार झाला. मेनिपस त्यानं वाचलेला नव्हता, अजूनही वाचलेला नाही.

नवशिक्यांना माझा सल्ला, सुरुवात होरेसपासून करा. जुव्हेनलचा सूर सोपा वाटतो, कारण राग सगळ्यांनाच येतो. पण रागाला शिस्त नसली की दुसऱ्या परिच्छेदात त्याचा अग्रलेख होतो.

तिसरी पायरी : वाकडी वाट कोणती, ते ठरवा

इथं जरा रेंगाळू, कारण आपल्या परंपरेत या भागाचं काम फार बारीक झालेलं आहे.

संस्कृत अलंकारशास्त्रात वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगतात. काकुवक्रोक्ती म्हणजे आवाजाच्या चढउतारानं, म्हणजे काकूनं, अर्थ उलटवणं. पहाटे तीनला नळ सुटतो आणि कुणी म्हणतं, ‘व्वा, काय वेळेवर आलं पाणी!’ शब्द कौतुकाचे, सूर कपाळावर हात मारल्याचा. सोलापुरी ‘लई शाणा हैस बे’ हा काकूचा नमुनाच. हे वाक्य कौतुकानं म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. अडचण अशी की कागदाला आवाज नसतो. म्हणून लिहिताना काकू वापरायची तर आजूबाजूची परिस्थिती आधी पक्की दाखवावी लागते. वेळ तीनची आहे हे वाचकाला माहीत नसेल तर ‘वेळेवर’ हा शब्द फुकट गेला. त्यावर उपाय म्हणून तीन उद्गारचिन्हं आणि हसरे चेहरे लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

श्लेषवक्रोक्ती म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम दुसरा अर्थ घेऊन उत्तर देणं. ‘पाणी कधी सोडणार?’ ‘झोपेवर केव्हाच सोडलंय!’ मराठीत पाण्याचे वाक्प्रचार इतके आहेत की या विषयाला श्लेष कमी पडत नाही: पाणी पाजणं, पाणी जोखणं, तोंडचं पाणी पळणं, पाण्यात पाहणं. पण एका लेखात एक श्लेष पुरे. दुसऱ्याला वाचक हसतो, तिसऱ्याला जांभई देतो.

व्याजस्तुती ही माझ्या मते उपहासाची सर्वांत उपयोगी वाट. वरून स्तुती, आतून निंदा. किंवा वरून निंदा आणि आतून स्तुती. शास्त्रकार दोन्ही दिशा याच नावाखाली घेतात. पहिली दिशा अशी: ‘आमच्या गल्लीइतकी शुद्धतेची चाड कुठंच नसेल. आम्ही पाण्यालासुद्धा सोयर पाळायला लावतो.’ दुसरी अशी: ‘शेजारच्या आजी भलत्याच चिक्कू. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तांदूळ धुतलेलं जास्वंदीला. गटारीला बिचारीला थेंब मिळत नाही.’ दुसऱ्या उदाहरणात आजी मोठी झाली आणि बाकीची गल्ली न सांगता लहान झाली. लिहिताना नियम एकच, स्तुती शेवटपर्यंत निभवायची. मधेच ‘खरं तर’ म्हणून पडदा सरकवलात की खेळ संपला.

अन्योक्ती म्हणजे ‘लेकी बोले सुने लागे’. बोलायचं एकाला, लागायचं दुसऱ्याला. ‘घागरी, भरलेली होतीस तोवर तुला देवघराशेजारी जागा होती. नवं पाणी आलं आणि तुला उंबऱ्याबाहेर उपडी केली. रडू नकोस, तुला घासून पुसून फोटोला ठेवतील.’ हे आमच्या गटातल्या एका बाईंनी लिहिलं. वाचून झाल्यावर निवृत्त काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. घागरीचा विषय घागरीचा राहिला नव्हता.

अतिशयोक्ती आणि तिची उलटी बहीण, म्हणजे मोठी गोष्ट बारीक करून सांगणं, यांवर फार बोलत नाही. अतिशयोक्तीचा पाय खऱ्यावर हवा: ‘शेजाऱ्यांनी इतकी पिंपं भरलीत, की धरणाची पातळी विचारायला लोक त्यांच्याकडं येतात.’ बारीक करून सांगणं असं: ‘रात्री पाणी आलं, त्यामुळं किंचित झोपमोड झाली. सकाळपर्यंत.’ दुसरं जास्त टिकतं, कारण मोठं करायचं काम वाचक स्वतः करतो.

आयरनीचे तीन प्रकार परीक्षेला येतात, तेही इथंच उरकू. बोलण्यातली आयरनी म्हणजे वरची काकू आणि व्याजस्तुती. प्रसंगातली आयरनी कुणी रचत नाही, ती घडते. ज्या गावाच्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात तळं खोदल्याचं आपण अभिमानानं सांगतो, त्या गावात पाण्यासाठी गजर लावून झोपावं लागतं. आणि नाट्यातली आयरनी म्हणजे प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला नाही. तमाशातल्या गवळणीत मावशीच्या पदराआड मिशी काढलेला पुरुष आहे हे सगळ्या कनातीला ठाऊक असतं. मावशी मात्र आपल्या तरुणपणाच्या गोष्टी मनापासून सांगत असते.

चौथी पायरी : घाट उसना घ्या

विडंबनाचा पहिला नियम असा की मूळ रूप वाचकाच्या अंगवळणी पडलेलं हवं. केशवकुमार या नावानं अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’त त्या काळच्या कवींच्या लकबींची जी विडंबनं केली ती गाजली, कारण त्या लकबी वाचकांच्या कानात बसलेल्या होत्या. आज एखाद्या अनोळखी कवीचं विडंबन केलंत तर हसणारे दोघंच, तुम्ही आणि तो कवी. तोही कदाचित नाही. म्हणून नवशिक्यानं कवितेपेक्षा रोजच्या कागदांपासून सुरुवात करावी: लग्नपत्रिका, निविदा, वाढदिवसाचा फलक, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना. आमच्या गटाची पत्रिका ही अशी:

‘॥ श्री वरुणदेव प्रसन्न ॥ आमचे येथे श्रीकृपेकरून चि. नळ, जलवाहिनी यांचे ज्येष्ठ सुपुत्र, यांचे शुभागमन उद्या अथवा परवा, पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी, हवा सुटून झाल्यानंतरच्या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, घागर-कळशीसह उपस्थित राहावे. मोटार लावणाऱ्यांचा आहेर स्वीकारला जाणार नाही. आमच्या काकाच्या पाण्याला यायचं हं! – चि. पिंपू.’

बघा, विनोद शब्दांत कमी आणि जागेत जास्त आहे. ‘आहेर’ जिथं यायचा तिथंच आलाय, ‘यायचं हं’ शेवटीच आलंय. सांगाडा जितका तंतोतंत, तितकं आतलं भरताड हास्यास्पद. विद्यार्थी नेमके इथंच आळस करतात; दोन ओळी पत्रिकेच्या आणि मग स्वतःचं भाषण.

दुसरा घाट क्षुल्लक विषयाला भारी पोशाख घालण्याचा. इंग्रजीत अलेक्झांडर पोपनं एका तरुणीच्या कापलेल्या बटेवरून अख्खं वीरकाव्य रचलं होतं, १७१२ मध्ये, आणि दोन वर्षांनी वाढवून पुन्हा छापलं. आपल्याकडं त्यासाठी पोवाडा तयारच आहे:

पहाटेचा प्रहर तीनचा, गल्ली निजली निवांत,
तोच फुसफुसली तोटी, हवा सुटली नळात,
उठली रणरागिणी काकू, पदर खोचुनी कमरेत,
हंड्या-कळशीची फौज निघाली, पाईप घेउनी हातात, जी जी जी!

याच्या उलट, थोर विषयाला फाटके कपडे घालणं हाही प्रकार आहे. इंद्रसभेतल्या देवांना गल्लीतल्या रांगेत उभं करून ‘नंबर माझा’ म्हणून भांडायला लावणं. बर्लेस्क या नावाखाली दोन्ही येतात.

देशी घाटांकडं मात्र आपण पुरेसं बघत नाही. एकनाथांचं भारूड घ्या. भवानीआईला रोडगा कबूल करून सासू-सासऱ्यांपासून सुटका मागणारी सून वरवर खोडकर आहे. आतला अर्थ संसाराच्या पाशांचा. दोन मजली रचना, खालच्या मजल्यावर हशा आणि वरच्यावर दिवा. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या वाटेवर ती अजून ऐकायला मिळतात. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं ओळीनं मोजली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात शिकलेल्या मूर्खाला, पढतमूर्खाला, वेगळं आसन दिलं. ही यादीची रीत आज वापरून बघाच: भरलेलं ओततो आणि मग टंचाईवर बोलतो, तो एक, शेजाऱ्यानं मोटार लावली म्हणून ओरडतो आणि तो गावाला गेला की स्वतः लावतो, तो दुसरा. पढतमूर्ख कोण? जो शिळ्या पाण्यावर लेख लिहितो.

आणि आपले रामजोशी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा सोलापूरचा शाहीर, संस्कृत शिकलेला आणि लावणीच्या फडात रमलेला. ढोंगी बैराग्यांना त्यानं विचारलं: ‘हटातटाने पटा रंगवुन जटा धरिशी कां शिरी, मठाची उठाठेव कां तरी?’ हे मोठ्यानं म्हणा. ट, ठ यांचा जो खडखडाट होतो त्यात भगव्या कपड्यांची, जटांची, मठांची सगळी अवजड सामग्री आदळताना ऐकू येते. दोष शब्दात सांगण्याआधी तो ध्वनीत वाजवला. एवढं एक कसब शिकायला मिळालं तरी रविवार वसूल.

रंगमंचावर जायचं असेल तर प्रहसन आहे. भरतानं सांगितलेल्या दहा रूपकांतलं, म्हणजे नाट्यप्रकारांतलं, ते एक, शुद्ध आणि संकीर्ण अशा दोन जातींचं. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्मानं एक लिहिलं, त्यात एका दारुड्या कापालिकाचं, म्हणजे कवटी घेऊन फिरणाऱ्या शैव साधूचं, कवटीचं भिक्षापात्र कुत्रा पळवतो आणि चोरीचा आळ बौद्ध भिक्षूवर येतो. वात्रटिका म्हणजे चार-सहा ओळींचा झटका. शेवटच्या ओळीत वळण हवं, आधीच्या ओळींना त्याचा सुगावा लागता कामा नये. व्यंगचित्राबद्दल लिहायला मला चित्रकला येत नाही.

पाचवी पायरी : खूण ठेवा

ही पायरी मी स्वतः पडून शिकलो. दोन वर्षांमागं मी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक बनावट सूचना टाकली: ‘नागरिकांनी शिळे पाणी गटारीत न ओतता स्वच्छ बाटलीत भरून, तारखेची चिठ्ठी लावून जमा करावे. प्रति लिटर योग्य मोबदला मिळेल.’ खाली माझं नाव होतं. पुढं कुणीतरी ते कापलं आणि मजकूर चार ग्रुप फिरून आला. तिसऱ्या दिवशी एक आजोबा दोन बाटल्या पिशवीत घालून माझ्याच दारात, ‘जमा कुठं करायचं, तुम्हाला म्हाईत असंल.’ त्यांना उन्हातून चालत आलेलं बघून मला हसू आलं नाही. दोष त्यांचा नव्हताच. मी सूचना इतकी खरी लिहिली होती की तिच्यात खोटेपणाची खूणच नव्हती.

माझ्यापेक्षा मोठी माणसंही यात सापडलीत. डॅनियल डिफो स्वतः इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथाचा. १७०२ मध्ये त्यानं निनावी पत्रक काढलं, आपल्याच पंथाचा नायनाट करा अशी मागणी करणाऱ्या कट्टर माणसाच्या आवाजात. दोन्ही बाजूंनी ते खरं मानलं, आणि १७०३ मध्ये डिफोला भर चौकात खोड्यात उभं केलं. त्याउलट १७२९ चा जोनाथन स्विफ्ट बघा. गरीब आयरिश मुलं अन्न म्हणून विकावीत अशी सूचना त्यानं अर्थतज्ज्ञाच्या शांत आवाजात, आकडेमोडीसह मांडली. आवाज शेवटपर्यंत गंभीर. पण सूचनाच इतकी अघोरी की सावध वाचकाला खूण तिथंच मिळते. आवाज खरा ठेवायचा आणि मागणी अशक्य करायची, असा त्यातला हिशेब. माझ्या सूचनेत ‘मोबदला म्हणून प्रति लिटर एक लिटर ताजे पाणी मिळेल, ते चार दिवसांनी पुन्हा जमा करावे’ असं वाक्य असतं तर आजोबा घरी बसून हसले असते.

आता इंटरनेटवर याला ‘पो’चा नियम म्हणतात. २००५ मध्ये नेथन पो नावाच्या माणसानं लिहिलं होतं की स्पष्ट खूण नसेल तर टोकाच्या मताचं विडंबन आणि खरं टोकाचं मत यांत फरक करणं अशक्य होतं. फॉरवर्डच्या जमान्यात खूण मजकुराच्या पोटात हवी, तळाशी नको. तळ कापला जातो.

जाता जाता कायद्याचं. जिवंत, ओळखू येईल अशा व्यक्तीवर खोटा आरोप केलात तर ‘गंमत होती हो’ एवढ्यानं सुटका होईलच असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे. व्यक्तीऐवजी वृत्तीचं पात्र करा. कायद्यापेक्षा लेखनाला त्याचा फायदा जास्त होतो, कारण वृत्ती बदली होऊन जात नाही.

सहावी पायरी : कापा, आणि मोठ्यानं वाचा

पहिला खर्डा झाला की तीन गोष्टी शोधून खोडा. आपणच समजावून सांगितलेला विनोद. ‘जणू काही’, ‘म्हणे’, ‘अहो आश्चर्यम्’ यांची गर्दी. आणि शेवटचा परिच्छेद, जिथं आपण हमखास उपदेश केलेला असतो. पाण्यावरचा माझा लेख मूळ नऊशे शब्दांचा होता, कापून साडेचारशेचा झाला. उरलेलं ओतून दिलं. शिळं होतं.

मग तो निशाण्यावरच्या माणसाला वाचून दाखवा. माझ्यासाठी ते माणूस म्हणजे समोरच्या काकू, पोवाड्यातली रणरागिणी. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी पूर्ण लेख वाचला. उजनीच्या सहा महिन्यांच्या ओळीला त्या पदर तोंडाला लावून हसल्या, पोवाड्याला तर परातीवर बोटांनी ठेका धरला. संपल्यावर विचारलं, ‘कुणावर लिहिलास रे हे?’

‘आपल्यावरच की, काकू.’

त्यांनी परात बाजूला ठेवली, जरा विचार केला. ‘लिहिलास झकास. पण तुला सांगू का,’ आतल्या पिंपाकडं बघत त्या म्हणाल्या, ‘शिळ्या पाण्याचा चहा लागत नाही बघ.’ आणि आत जाऊन ताज्याचा ठेवला. मी प्यालो.